मोझेलसाठी पाणी

आपले ओठ हलताहेत हे क्लोटिल्डाच्या लक्षात आलं, तेव्हा तिची बोटं वाटीतल्या पाण्यात बुडालेली होती आणि मोझेलचं कपाळ समोर होतं. सकाळची वेळ. खिडकीतून नदीच्या बाजूचा उजेड आत आलेला, खाली भंगारवाला ओरडत चाललेला. मोझेलच्या अंगात कणकण होती म्हणून क्लोटिल्डा तिचं कपाळ पुसायला बसली होती, आणि गेले कित्येक दिवस ती हेच करत होती. बोटं भिजली, हात वर आला, आणि आतल्या आत, आवाज न करता, ओठांनी सुरुवात केली: मी तुला पित्याच्या, पुत्राच्या... तिने हात झटकन मागे घेतला. दोन थेंब चादरीवर पडले आणि पसरत गेले. मोझेल डोळे मिटून होती. "थांबलीस का गं," ती म्हणाली, "बरं वाटत होतं." क्लोटिल्डाने टॉवेलचं टोक भिजवलं आणि त्याने कपाळ पुसलं, बोटांनी नाही. मग दीप्तीला, म्हणजे सकाळच्या वेळी मोझेलचं करायला येणाऱ्या मुलीला, बसायला सांगून ती समोरचं आपल्या घराचं दार उघडून आत गेली आणि स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून उभी राहिली. साठी उलटून गेली होती, पण आजवर तिचा हात तिला न विचारता कुठे गेला नव्हता.

ओट्यावर, खिडकीच्या वरच्या फळीवर, मोझेलचा टोप होता. जर्मनचा, काठाला पोचा आलेला. दहिसरच्या या इमारतीत दोघी समोरासमोर राहायला आल्या त्याच वर्षी क्लोटिल्डाने तो बाजूला काढला होता, कारण शेजारीण आपल्याकडचं काहीच खात नाही हे तिला लागलं होतं. "रागावू नकोस," मोझेल तेव्हा दारात उभी राहून म्हणाली होती, "तुझ्या भांड्यात डुक्कर शिजतं, कोळंबी शिजते. आम्हाला खवल्याचा मासा चालतो, बाकी समुद्रातलं नाही. आणि मटणाला दूध-दही लावायचं नाही. नारळाचं दूध घाल, ते चालतं." क्लोटिल्डा गोराईची. कोळंबी चालत नाही असं म्हणणारं माणूस तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं होतं. पण तिने टोप आणला, डाव आणला, आणि घरातल्या सगळ्यांना, तेव्हा नवरा होता, मुलगी होती, सांगून ठेवलं की या दोन वस्तूंना हात लावाल तर जेवण बंद. त्या टोपात नाताळला नारळाच्या रसातलं कोंबडीचं कालवण व्हायचं, घरच्या बाटलीतला मसाला घालून, आणि ते समोर जायचं. समोरून पुरणाच्या करंज्या यायच्या, आणि घरात काही चांगलं झालं की मलिद्याचं ताट: गोड भिजवलेले पोहे, खोबरं, फळं. मोझेलच्या घरात त्यावर एलियाहू संदेष्ट्याचं नाव घेतलं जायचं. क्लोटिल्डाच्या बायबलमध्येही तोच एलिया होता, अग्नीच्या रथातून वर गेलेला. आपल्याकडे तो रविवारच्या वाचनात येतो आणि यांच्याकडे पोहे खायला येतो, याचं तिला सुरुवातीला हसू यायचं. पुढे मुलगी लग्न होऊन कॅनडाला गेली, नवरा गेला, समोरचा नवरा त्याच्या आधीच गेला होता, मोझेलचा रूबेन इस्राएलला अश्दोदला स्थायिक झाला, आणि मजल्यावर दोन बायका आणि एक टोप राहिला.

हात कुठून शिकला हे तिला ठाऊक होतं. तिची माय सुईण होती. गोराईत तेव्हा रात्री-अपरात्री कोणी अडलं तर खाडी ओलांडून बोरिवलीला नेण्याइतका वेळ नसायचा; मायला बोलवायचे. मायबरोबर क्लोटिल्डा जायची, आठ-नऊ वर्षांची, पितळेचा लोटा धरून. मूल आलं आणि रडलं तर लोट्याचं काम नाही. मूल निळं पडलं, मान टाकली, की माय हात मागे करायची, आणि त्या हातात लोटा द्यायचा. हे मुलीने न सांगता करायचं होतं. माय तीनदा पाणी घालायची, ओठांतल्या ओठांत म्हणायची, आणि मग तेच पाणी पुसून पुन्हा मुलाच्या पाठीवर चापट्या मारायला लागायची. जिवाला धोका असेल तर पाद्रीच लागतो असं नाही, कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतं, बाप्तिस्मा घडतो, हे धर्मशिक्षणाच्या वर्गात सगळ्यांनाच शिकवलं होतं. पण क्लोटिल्डाने ते शिकण्याआधी पाहिलं होतं. ओल्या मुलाचा वास, रॉकेलचा दिवा, मायच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळणारं पाणी. घरी येताना माय हलक्या पावलाने चालायची, मूल वाचलेलं असो की नसो. "पानी पोचला," एवढंच म्हणायची. मुलगी विचारायची, कुठं पोचला. माय खाडीच्या पलीकडे हात करायची, जिथे संध्याकाळी बोरिवलीचे दिवे लागत, आणि क्लोटिल्डाच्या डोक्यात स्वर्ग तसाच राहिला: फेरीबोटीने जायची जागा. बोट लागते, ज्यांच्यावर पाणी पडलंय ते चढतात, बाकीचे धक्क्यावर. मोठी झाल्यावर तिने टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली, युनियनच्या सभांना गेली, पुष्कळ गोष्टी डोक्यातून काढून टाकल्या. धक्का आणि बोट निघाली नाही. तिने कधी काढायचा प्रयत्नही केला नव्हता, कारण धक्क्यावर उभं राहणारं ओळखीचं कोणी तिला आठवत नव्हतं.

यहुदी तर मुळीच नाही. यहुदी म्हणजे लहानपणी तिला फक्त गुड फ्रायडेला भेटणारे लोक. चर्चच्या भिंतीवरच्या चित्रांत ते होते, लांब नाकाचे, पिवळ्या झग्यातले, येशूला ढकलणारे. त्या दिवशीच्या मोठ्या प्रार्थनेत पोपसाठी गुडघे टेकायचे, राजासाठी टेकायचे, आजाऱ्यांसाठी टेकायचे, आणि यहुद्यांची प्रार्थना आली की मायच्या लहानपणी कोणी टेकायचं नाही. तो नियमच होता. नियम पुढे रोमहून बदलला, प्रार्थनेतले कडवट शब्द काढले, सगळ्यांसाठी टेका म्हणाले, पण मायच्या गुडघ्यांना ते कोणी सांगितलं नसावं. सगळं देऊळ खाली बसलेलं आणि माय एकटी उभी, हातात माळ, चेहऱ्यावर राग नाही, काही नाही. शेजारी टेकलेली क्लोटिल्डा वर बघायची आणि तिला मायच्या लुगड्याचा लाल काठ दिसायचा. त्यामुळे दहिसरला आल्यावर समोरच्या बाईने, जी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची आणि भाजीवाल्याशी अस्सल अलिबागी हेल काढून भांडायची, दाराच्या चौकटीवरच्या छोट्या नळीला बोट लावून ते ओठांना लावलं, आणि "हे काय गं" असं विचारल्यावर "त्यात देवाचं वचन असतं. आम्ही बेने इस्राएल, यहुदी" असं सांगितलं, तेव्हा क्लोटिल्डा तिच्या नाकाकडेच बघत राहिली होती. "काय बघतेस," मोझेल म्हणाली, "तुमचा येशू आमच्यातलाच. माझ्या माहेरच्या बाजूने लागतो." पुढे गोराईच्या सणाला क्लोटिल्डा तिला घेऊन गेली होती. मोझेलला फेरीबोटीत उलटी झाली आणि परत येताना ती हट्टाने उत्तनवरून, भाईंदरला वळसा घालून बसने आली, सगळा दिवस घालवून. माय मात्र तिच्यावर खूश होती. तिने तिला हाताने भाकरी वाढली, आंब्याची पेटी बांधून दिली. आणि स्वयंपाकघरात, चुलीकडे तोंड करून, मुलीला हळूच म्हणाली, "किती चांगली बाय हाय. आन पान्याबिगर जाल." ते वाक्य क्लोटिल्डाने तेव्हा सोडून दिलं. आता इतक्या वर्षांनी, डॉक्टरने "हृदय थकलंय, घरीच ठेवा, दवाखान्यात नेऊन काही होणार नाही" असं सांगितल्यावर, रूबेनच्या गावाकडची विमानं युद्धामुळे कधी उडत होती कधी नाही अशा दिवसांत, ते वाक्य परत आलं होतं आणि थेट बोटांत जाऊन बसलं होतं.

दुपारी ती फादर केतनकडे गेली. वसईकडचा तरुण पाद्री, मुलांबरोबर अनवाणी फुटबॉल खेळायचा, त्यामुळे अंगठ्याला कायम पट्टी. तो ऑफिसात पंख्याखाली बसून पेरू खात होता. तिने इकडचं तिकडचं विचारलं आणि मग म्हणाली, "फादर, समजा एखाद्या आजाऱ्याला न सांगता कोणी पाणी घातलं तर?"

"आंटी, समजा कधी आजारी पडत नाही. कोण?"

तिने सांगितलं. तो पेरू ठेवून ऐकत राहिला. मोझेलला तो ओळखत होता. जिन्यात भेटली की ती त्याला पाढे विचारायची. "बघा," तो म्हणाला, "पहिली गोष्ट, शुद्धीतल्या मोठ्या माणसाला त्याच्या इच्छेशिवाय दिलेला संस्कार हा संस्कारच नसतो. तुमच्या माईंनी अर्भकांना घातलं, ते वेगळं. तुम्ही मोझेल आंटीच्या डोक्यावर घागर ओतलीत तरी ती फक्त ओली होईल. दुसरी गोष्ट, देवाने त्या लोकांशी जो करार केला तो त्याने मागे घेतलेला नाही. हे माझं मत नाही हं. ख्रिस्तसभा तसं शिकवते, साठ वर्षं होत आली. येशूच्या मरणाचा दोष त्यांच्यावर ठेवायचा नाही, देवाने त्यांना टाकलं असं म्हणायचं नाही. आणि त्यांना ख्रिस्ती करून घ्यायला आपण वेगळी माणसं पाठवत नाही. संत पौलाने तर आपल्यालाच सुनावलंय, तुम्ही कलम केलेली फांदी आहात, मुळाला तुम्ही धरलेलं नाही, मुळाने तुम्हाला धरलंय."

कलम म्हटल्यावर क्लोटिल्डाला बाबा दिसला, गोराईच्या वाडीत उकिडवा बसून आंब्याच्या रोपाला फांदी जोडताना. सुतळी दातात धरलेली, चाकू धुऊन पुसलेला, आणि लेकीला म्हणायचा, हलू नको, तुझा वारा लागतो. जोडलेली जागा पुढे कित्येक वर्षं खोडावर गाठीसारखी दिसायची. तिथे बोट ठेवलं की खालची साल खडबडीत आणि वरची वेगळी लागायची, पण पाणी खालूनच वर जायचं. "मग फादर," तिने विचारलं, "त्यांना येशूची गरज नाही, असं का?"

"तसंही ख्रिस्तसभा म्हणत नाही. तारण त्याच्यातूनच, असंच म्हणते. आणि ते लोक त्या तारणाबाहेर नाहीत, असंही म्हणते."

"दोन्ही एकदम कसं?"

"ते गूढ आहे, असं लिहून ठेवलंय."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही."

"नाही ना," तो म्हणाला आणि थोडा हसला. "रोमलाही नाही. देवाला आहे असं धरून चाललोय आपण."

"मग मी काय करू?"

"कपाळ पुसा आंटी. ताप आहे ना तिला?"

परतताना ती चालत आली. डोक्याने मानलं होतं. प्रत्येक वाक्य तिला पटलं होतं, आणि पटलं म्हणून थोडा रागही आला होता, कारण मायला हे कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तर माय एवढी हलक्या पावलाने घरी आली असती का, कोण जाणे. पण हाताचं तसं नव्हतं. संध्याकाळी मोझेलला औषधाची गोळी देताना पेला तिच्या ओठांशी धरला आणि पुन्हा मनगटात ती ओढ आली, लोटा मागे धरणाऱ्या मुलीच्या मनगटातली. मग तिला कळलं की हे मोझेलच्या आत्म्याचं नाहीच. ते धक्क्याचं होतं. बोट सुटते आहे, आपण बोटीच्या कठड्याशी उभ्या आहोत, आणि मोझेल तिकडे धक्क्यावर, पिशवी छातीशी धरून, मी येत नाही गं, मला उलटी होते, असं म्हणत मागे राहते आहे. पलीकडे माय असेल, बाबा असेल, नवरा असेल. त्यांच्याशी काय बोलायचं ते बोलून होईल दोन-चार दिवसांत. त्यानंतर? दुपारच्या चहाला दार कोणाचं वाजवायचं? एवढ्या वयाच्या बाईने असा विचार करावा याची तिला लाज वाटली, आणि तरी तो विचार गेला नाही.

दुसऱ्या दिवशी दीप्ती मोझेलच्या केसांना तेल लावत होती. क्लोटिल्डाने सहज विचारावं तसं विचारलं, "तुमच्यात गं, माणूस जायला लागलं की काय करतात?" दीप्ती चेकनाक्याजवळच्या चाळीत राहणारी, नर्सिंगचा कोर्स करत होती. "वंदना म्हणतो. का हो?" "आणि धर्म बदलायचा असेल तर पाणीबिणी?" दीप्तीने कंगव्यातले केस काढले. "माझी पणजी शांताबाई नागपूरला गेली होती दीक्षेला. पाळण्यातलं पोर काखेत घेऊन. स्वतःच्या पायांनी गेली, स्वतःच्या तोंडाने म्हणाली. तेच तर होतं ना त्यात." मोझेल डोळे मिटून ऐकत होती. "हिला आज काय झालंय," ती दीप्तीला म्हणाली, "सगळ्यांच्या देवांची चौकशी चाललीय."

म्हणून दीप्ती गेल्यावर, दुपारी, उशांना टेकवून मोझेलला बसतं केल्यावर, क्लोटिल्डाने खुर्ची पलंगाजवळ ओढली. सांगितल्याशिवाय हात आवरणार नाही, एवढं तिला समजलं होतं. पण सांगितल्यावर मोझेल काय करेल हे समजत नव्हतं. तिने दाराकडे बोट केलं असतं तर उरलेले दिवस समोरच्या घरात बसून काढावे लागले असते.

"मोझेल, एक सांगायचंय."

"सांग बाई. उद्यावर टाकण्यासारखं माझ्याकडे काही नाही."

तिने सांगितलं. माय, लोटा, बोटं, ओठ. मोझेल ऐकत राहिली. तिचे हात चादरीवर होते, निळ्या शिरांचे, नखं दीप्तीने नीट कापलेली.

"घातलंस?"

"नाही."

"खरं सांग."

"नाही गं. तुझ्या रूबेनची शपथ."

"त्याची नको, तिकडे आधीच रॉकेट पडतायत. तुझ्या मिक्सरची घे."

"मिक्सरची शपथ."

मोझेल हसली नाही. ती खिडकीकडे बघत होती. "तिकडे युरोपात," ती सावकाश म्हणाली, मध्ये श्वास घेत, "आमच्या लोकांना विचारायचे, पाणी की मरण. रूबेन सांगतो, तिकडे तो शिकवतो त्या शाळेतली पोरं विचारतात, तुमच्यावर भारतात काय काय झालं. तो म्हणतो, काही नाही. ती पोरं विश्वास ठेवत नाहीत. आमचं जहाज कोकणात फुटलं, तेव्हापासून आम्ही तेल गाळत बसलो, शनिवारी घाणा बंद ठेवला, लोक आम्हाला शनवार तेली म्हणाले. बस. कोणी विचारलं नाही, क्लोटी. इतक्या पिढ्यांत कोणी नाही. आणि आता तू, समोरच्या दारातली."

पंख्याचं एक पातं दर फेरीला कुठेतरी घासत होतं. क्लोटिल्डाने खुर्ची मागे सरकवली आणि ती उठली.

"कुठे चाललीस? बस."

ती बसली.

"भीती मला वाटत होती की तुला?"

"मला."

"कशाची?"

"तू तिकडे नसशील याची."

मोझेलने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. वर्गातल्या ढ पण आवडत्या मुलीकडे पाहावं तसं. "माझ्या टोपात," ती म्हणाली, "कधी चुकून कोळंबीचा चमचा घातला होतास?"

"कधीच नाही."

"मी नसताना? मला काय कळणार होतं?"

"नाही गं. कसा घालीन?"

"मग," मोझेल म्हणाली, आणि तिला खोकला आला. क्लोटिल्डाने तिला पुढे वाकवून पाठीवर हात फिरवला. झग्यातून पाठीची हाडं लागत होती. खोकला थांबल्यावर मोझेल तशीच तिच्या खांद्याला टेकून राहिली. "तिकडचं मला काही माहीत नाही," ती म्हणाली. "आमच्यात त्याची फार चर्चा नसते. पण तुझ्या देवाला एवढी तरी अक्कल असेल. आमच्याकडूनच गेलाय ना तो." मग पुष्कळ वेळाने, झोप लागल्यासारखी वाटत असताना, म्हणाली, "शेवटी रूबेनला फोन लाव. तो शेमा म्हणेल, आमची रोजची प्रार्थना. ते ऐकत जायचं असतं. तू नुसता फोन धर, कानाशी. आणि ठाण्याच्या सिनेगॉगमधल्या बायकांचा नंबर फ्रिजवर आहे."

त्यानंतरचे दिवस बरे गेले. क्लोटिल्डाने वाटीत बोटं बुडवली आणि कपाळ पुसलं, आणि ओठ गप्प होते. कधी ते हलायला लागले तर ती मोठ्याने बोलायची, कशाबद्दलही. तळमजल्यावरच्या हर्षदने गाडी कशी आडवी लावलीय, कॅनडाची नात मराठीत "झकास" एवढंच कसं बोलते. मोझेल म्हणायची, किती बोलतेस गं, आणि हात पुढे करायची. एकदा तिने स्वतःहून मायची आठवण काढली, भाकरीची, आंब्याच्या पेटीची. "तुझी माय सुईण, म्हणजे तिने पुष्कळांना इकडे आणलं," ती म्हणाली. "तिला सांग, मी विचारलंय." कुठे सांगू आणि कधी, हे क्लोटिल्डाने विचारलं नाही. तिला त्या वाक्यातच हवं ते मिळालं होतं.

मोझेल गेली ती गुरुवारी दुपारी. श्वास सकाळपासून बदलला होता. आत गेला की बाहेर यायला विसरायचा. दीप्तीने नाडी पाहिली, क्लोटिल्डाकडे पाहिलं आणि फोन पुढे केला. अश्दोदला सकाळ होती. पडद्यावर रूबेन दिसला, दाढीत पांढरं आलेलं, मागे स्वयंपाकघर. क्लोटिल्डाने फोन मोझेलच्या कानाशी धरला, दुसऱ्या हातात ओला कापूस होता, ओठांना लावायचा. "म्हण रे बाळा," ती म्हणाली. रूबेनने सुरुवात केली. "शेमा," तो म्हणाला, आणि त्याच्या घशातून वेगळाच आवाज आला. पुन्हा म्हणाला, "शेमा," आणि रडायला लागला, लहानपणी जिन्यावरून पडल्यावर रडायचा तसा, मोठ्याने, आई आई करत. मोझेलचे डोळे अर्धे उघडे होते आणि पापण्या हलत होत्या. ती वाट बघत होती. दीप्ती दाराशी उभी. क्लोटिल्डाला ते हिब्रू सगळं येत नव्हतं. पॅसेजपलीकडून शुक्रवारी ऐकलेला सूर येत होता, शब्द नाही. कापसातलं पाणी तिच्या मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं. आणि तेव्हा तिला आठवलं की शब्द तिच्याकडे आहेत. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती, असं एकाने येशूला विचारलं, तेव्हा त्याने जे पहिलं वाक्य उच्चारलं ते रविवारी चर्चमध्ये ऐकत ती म्हातारी झाली होती. ते त्याचं स्वतःचं नव्हतं, तो हाच शेमा होता. ते त्याच्या आईने त्याला शिकवलं असणार, घरात, रोज. ती वाकली आणि मोझेलच्या दुसऱ्या कानात म्हणाली, "हे इस्राएल, ऐक. आपला देव परमेश्वर, परमेश्वर एकच आहे." मराठीत, हळू, एकेक शब्द. संपल्यावर पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणताना फोनमधून रूबेनचा आवाज तिच्या आवाजात मिसळला, तो हिब्रूत, ती मराठीत, एक शब्द मागेपुढे. मोझेलने श्वास घेतला. तो बाहेर आला नाही. काही वेळ दोघेही म्हणत राहिले, कारण थांबायचं कधी हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

ठाण्याहून तीन बायका आल्या, भाईंदरहून दोन. साड्या खोचलेल्या, कामाच्या बायका, कमी बोलणाऱ्या. त्यांतली वयस्कर, पेणकरबाई, क्लोटिल्डाला म्हणाली, "तुम्हीच का समोरच्या? ती सांगायची." आंघोळ घालायची होती, ते त्यांचं काम, त्यांच्यातल्याच बायकांनी करायचं. खोलीत दुसरं कोणी नको. क्लोटिल्डा म्हणाली, हो, मला कळतं. दार लोटलं गेलं. ती पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभी राहिली. आतून हिब्रू पुटपुट ऐकू यायला लागली, भांड्याचा आवाज. मग दार किलकिलं झालं आणि पेणकरबाई म्हणाली, "अहो, गिझर चालत नाही का इथला? पाणी गारठलेलं येतंय. थोडं गरम मिळेल?"

क्लोटिल्डा घरी गेली. मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, बादलीत गार पाणी होतं त्यात ओतलं, आणि कोपर बुडवून पाहिलं, माय तान्ह्या मुलासाठी बघायची तसं. फार कढत झालं. अजून थोडं गार घातलं. परत कोपर बुडवलं. स्वयंपाकघरात ती एकटी होती, बादली पुढ्यात भरलेली, आणि पाण्यावर वाकलेला तिचाच चेहरा. कोणी विचारायला नव्हतं, कोणाला कळणार नव्हतं. तिने ओठ मिटून घेतले. मग दोन्ही हातांनी बादली उचलली आणि पॅसेज ओलांडून, सांडणार नाही अशी बेताने चालत, दाराशी गेली. आतून बांगड्यांचा एक हात बाहेर आला आणि कडी धरली.

"फार कढत नाही ना?"

"नाही," क्लोटिल्डा म्हणाली. "कोमट आहे. तिला असंच लागतं."